तीन वर्षं एकत्र खेळतोय, माणूस कोण ते माहीत नाही

गोळाफेक
नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण मी लिहायला बसलो की लांबतो. सांभाळून घ्या.

मी छत्रपती संभाजीनगरात, सिडकोत राहतो. आमच्या कॉलनीत टेनिसचं एक जुनं सिमेंटचं कोर्ट आहे. जाळी केव्हाच गेली, खांब तेवढे उरलेत. तिथं आम्ही सात-आठ जण तीन वर्षांपासून रोज सकाळी लॉन बाउल्स खेळतो. हसू नका. आमच्यातले एक काका मुलाकडे ब्रिस्बेनला सहा महिने राहून आले. तिथल्या क्लबात त्यांना नाद लागला आणि येताना ते आठ गोळे घेऊन आले. एकेक गोळा दीड किलोच्या आसपास. त्या वजनापायी काकूंचं निम्मं सामान तिकडंच राहिलं. तो विषय त्यांच्या घरी अजून निघतो.

लॉन कुठून आणणार? मंडपवाल्याकडून जुनं हिरवं कार्पेट विकत घेतलं, पट्ट्या शिवल्या आणि कोर्टावर अंथरलं. एका जागी कुठल्याशा लग्नातल्या पाकाचा डाग आहे. तिथं गोळा हमखास रेंगाळतो. खेळ असा: आधी जॅक नावाचा छोटा चेंडू टाकायचा, मग ज्याचा गोळा त्याच्या जास्त जवळ जाईल त्याचा पॉइंट. आमचा जॅक पिवळा आहे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्याचं नाव लिंबू.

आता मुद्दा. माझे जोडीदार अण्णा. वय पासष्ट-सत्तर असेल. सकाळी पावणेसहाला सायकलवर येतात, खिशातून दस्ती काढून गोळा पुसतात, खेळतात, सातला निघतात. आमच्या कॉलनीतले नाहीत. बोलणं कमी. मी लिंबू टाकलं की ते कुठं थांबलं हे बघून म्हणतात, 'चौदा आणे.' कधी 'साडेतेरा.' एकदा 'सोळा आणे' म्हणाले तेव्हा मी दिवसभर खुशीत होतो. गुण द्यायची त्यांची पद्धत असावी.

मागच्या महिन्यात ते चार दिवस आले नाहीत. फोन लावला तर बंद. तेव्हा लक्षात आलं, नंबर 'अण्णा बाउल' या नावानं सेव्ह आहे. आडनाव माहीत नाही, घर माहीत नाही, नोकरी काय केली माहीत नाही. बरंवाईट काही झालं तर कळवणार कोण आणि कुणाला? पाचव्या दिवशी आले. म्हणाले, 'गावाकडं गेलतो.' कोणतं गाव? तर, 'हे काय, इकडंच.' पुन्हा विचारलं तर लिंबाकडं बोट दाखवून म्हणाले, 'तुमची पाळी.'

माणसाला नीट ओळखून घ्यावं की आहे तसं चालू द्यावं?

हुरडा स्पेशल
पहिले हे सांगा, मराठवाड्यात तीन वर्षं एकत्र राहून गाव न विचारलेला माणूस तुम्हीच का? आमच्या परभणीत बसच्या सीटवर रुमाल टाकायच्या आधी गाव विचारतात.

माहेरवाशीण
मला यात नवल वाटलं नाही. नांदेडला आम्ही बायका सहा वर्षं बॅडमिंटन खेळतोय. माझ्या फोनमध्ये कोण आहे बघा: आर्यनची आई, सईची आई, स्कुटीवाल्या मॅडम, गुलाबी बूट. आर्यन इंजिनिअर होऊन हैदराबादला गेला तरी त्या आर्यनची आईच. मागच्या वर्षी लग्नाची पत्रिका द्यायला त्यांच्या घरी गेले तर दारावर पाटी, नावापुढं डॉक्टर. मी सहा वर्षं त्यांना गुडघ्याला कोणतं तेल लावायचं ते सांगत होते. त्या 'हो का' म्हणून ऐकून घ्यायच्या!

उचापती
कशाच्या डॉक्टर होत्या?

माहेरवाशीण
हाडांच्या.

उचापती
😂😂 धागा इथंच संपला.

जालनेकर क्राइस्टचर्च
संपला कसा? बाउल्सचं नाव निघालंय म्हटल्यावर मला बोलावंच लागेल. इकडं न्यूझीलंडमध्ये मी आठ वर्षं क्लबात खेळतोय.

गोळाफेक, तुम्ही मुख्य गंमत सांगितलीच नाही. हा गोळा पूर्ण गोल नसतो. एका अंगाला त्याचा आकार किंचित वेगळा घडवलेला असतो, त्यामुळे वेग कमी झाला की तो त्या बाजूला वळतो. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना वर्तुळं असतात, एकीकडं मोठं, एकीकडं लहान. लहान वर्तुळ ज्या बाजूला, त्या बाजूला गोळा वळणार. म्हणजे लिंबाकडं नेम धरून टाकला तर तो लिंबाजवळ जात नाही. बाजूला टाकायचा आणि शेवटी आपसूक आत येऊ द्यायचा. नवखा माणूस पहिल्या दिवशी वर्तुळ उलटं धरतो आणि गोळा शेजारच्या पट्टीत जातो. सगळ्यांचा जातो. माझा गेला तेव्हा शेजारच्या आजींनी तो उचलून आणून दिला आणि म्हणाल्या, आता तू क्लबाचा झालास.

आणि जोडीच्या खेळात सहसा प्रत्येकाला चार गोळे असतात.

गोळाफेक
एकूण आठच गोळे आहेत हो. चार माणसांत दोन-दोनच येणार. उरलेले आठ आणायचे तर काकूंना तिकडं सोडून यावं लागेल.

लातूरकर
लॉन नाही ते बरं आहे. आमच्याकडं २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. त्या गावात कुणी गोळे गडगडवायला हिरवळ भिजवायला लागला तर लोक गोळे त्याच्यावरच गडगडवतील. कार्पेट झिंदाबाद.

हुरडा स्पेशल
पण हा खेळ आहे का खरंच? का ब्रिस्बेनवाल्या काकांनी तुम्हाला गंडवलं?

जालनेकर क्राइस्टचर्च
अहो, २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या चौघींनी यात सुवर्णपदक मिळवलंय. लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया, रूपा राणी तिर्की. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १७-१० नं हरवलं. पुरुषांच्या चौघांनाही रौप्य मिळालं. त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले. इकडे पेढे मिळत नाहीत, दूध पावडरचे केले होते.

तेरणाकाठ
मूळ प्रश्नाकडं येतो. माझं मत स्पष्ट आहे, विचारू नका.

आपल्याकडं गाव विचारणं, आडनाव विचारणं हे साधं वाटतं, पण त्यामागं काय असतं हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. 'गाव कोणतं?' मग 'आडनाव काय?' मग 'म्हणजे अमक्यांच्यातले का?' तीन प्रश्नांत माणसाला डब्यात टाकून झाकण लावायचं. शाळेपासून मी हे ऐकत आलोय. चौथा प्रश्न कधी येतच नाही, कारण समोरच्याला हवं ते मिळालेलं असतं. सकाळी एक तास एखाद्याला या सगळ्यातून सुट्टी हवी असेल तर ती त्याला द्यावी. अण्णा गोळा कसा टाकतात हे तुम्हाला माहीत आहे ना? बस झालं.

माहेरवाशीण
तेरणाकाठ, म्हणणं पटलं, पण अर्धंच. काहीच न विचारणं हाही कधी कधी आळस असतो. आम्हा बायकांना कुणी आडनाव विचारत नाही, 'कुणाची आई' एवढं पुरतं. त्यात आदर वगैरे काही नाही. डॉक्टरबाईंना मी आधी विचारलं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं, असं त्याच नंतर म्हणाल्या.

आणि गोळाफेकांची काळजीही खोटी नाही. उद्या खेळता खेळता अण्णांना चक्कर आली तर दवाखान्यात फॉर्मवर काय लिहिणार, अण्णा बाउल?

लातूरकर
एक अनुभव लिहितो, मग जातो.

नाना-नानी पार्कात आमचा फिरायला जाणाऱ्यांचा गट आहे. त्यात एक गृहस्थ होते. पाच-सहा वर्षांची ओळख, हसतखेळत बोलायचे. पण दरवर्षी सप्टेंबरअखेरीस दोन-तीन दिवस यायचेच नाहीत. एका वर्षी गणपती नुकतेच बसून उठले होते. मी थट्टेत म्हणालो, 'काय, विसर्जनाचं जागरण झेपलं नाही वाटतं?' ते काही बोलले नाहीत. नंतर गटातल्या दुसऱ्यानं सांगितलं, ते किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून गाव झोपलं होतं आणि पहाटे चारच्या आत सगळं खाली आलं. त्यांच्या घरातले किती गेले ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. पण आधी माहीत असतं तर ते वाक्य माझ्या तोंडातून गेलं नसतं.

म्हणून माझं मत असं: माणसाच्या तोंडून काढून घेऊ नका, पण डोळे उघडे ठेवा.

तेरणाकाठ
लातूरकर, तो दिवस आमच्याही घरात आहे. समजलं.

हुरडा स्पेशल
🙏

दख्खनी
मी जुन्या औरंगाबादचा माणूस, वय ७८, टायपिंग नातू करतोय. आमच्या गल्लीत चौकात कॅरम चालायचा. तिथं एक चाचा होते, त्यांना सगळे 'क्वीन' म्हणायचे, कारण राणी फक्त त्यांनाच जायची. वारले तेव्हा मय्यतीला माणूस मावेना, आणि कबरस्तानात आम्ही एकमेकांना हळूच विचारतोय, यांचं खरं नाव काय हो? नातू म्हणतोय आजोबा लिहू नका, लोक हसतील. हसू द्या. तेही हसले असते.

उचापती
मी गंभीर होऊन सांगतो. अण्णा सायकलनं येतात ना? एक दिवस मागं जा.

माहेरवाशीण
हे तर अजिबात करू नका. पोलिसांत दिलं त्यांनी तर तुमचं आडनाव आधी लिहून घेतील.

गोळाफेक
मागं वगैरे जाणार नाही. अण्णा सायकल अशी हळू चालवतात की मागं जाणाऱ्याचाच तोल जाईल.

त्यांच्याबद्दल अजून थोडं सांगतो, कुणाला काही सुचलं तर बघा. आमच्या खेळात रोजचं भांडण एकच, लिंबाजवळ कुणाचा गोळा जास्त? दोन गोळे विरुद्ध अंगांना असतात, डोळ्यांना सारखेच दिसतात. बाकीचे टेप काढतात, पट्टी काढतात, ब्रिस्बेनवाले काका तर पोटावर झोपून बघतात. अण्णा उभ्या उभ्या सांगतात, 'डावीकडला, दोन बोटं.' टेप लावला की तेच निघतं. तीन वर्षांत ते एकदा चुकले, तेव्हा टेपच मुडपला होता.

दुसरं, ते कार्पेटवरून चालताना पावलं मोजतात. ओठ हलतात. आणि कुणी वाद घालायला लागलं की आवाज न चढवता दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहतात. वाद आपोआप निवतो. मला आधी वाटलं शिक्षक असतील. पण शिक्षक एवढं कमी बोलत नाहीत.

हुरडा स्पेशल
शिंपी! नजरेत माप.

उचापती
क्रिकेटचे अंपायर.

लातूरकर
गवंडी? ओळंबा धरून आयुष्य गेलं की नजर अशी होते.

कायदेकानू
तीन दिवस धागा नुसता वाचत होतो. आता राहवत नाही.

मी बीडला वकिली करतो, निम्मी कामं जमिनीची. गोळाफेक, तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच उत्तर आहे आणि तुम्ही सगळे गाव-आडनावावर भांडताय. 'चौदा आणे' म्हणजे गुण नाहीत. ते अंतर आहे.

शेत मोजायची जुनी साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग, एकेका भागाला आणा म्हणतात. म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. शंकू-साखळीनं ज्यांनी आयुष्यभर मोजणी केली ती माणसं खोलीची लांबीसुद्धा आण्यात सांगतात. माझे एक अशील लग्नात जेवणाच्या पंगतीची लांबी सांगत होते.

तुमचं कार्पेट केवढं आहे? साठ-सत्तर फुटांच्या वर असेल तर एक साखळी गृहीत धरून अण्णा वरचे आणे सांगत असणार. एक साखळी चौदा आणे म्हणजे एकसष्ट फूट साडेदहा इंच. टेप लावून बघा.

दख्खनी
वा वकीलसाहेब! आमच्या वडिलांच्या तोंडी मोजणी हा शब्द नव्हता, 'पैमाइश' म्हणायचे. पैमाइशवाला येणार म्हटलं की गावात दोन दिवस आधी कोंबडी लपवायचे. लपवायचे यासाठी की दोन्ही पार्ट्या तीच कोंबडी त्याला खाऊ घालायला धावायच्या.

गोळाफेक
कार्पेट पंचाहत्तर फुटांचं आहे. उद्या सांगतो.

गोळाफेक
मंडळी, माझ्या अंगावर काटा आहे.

आज मी लिंबू टाकलं. अण्णा म्हणाले, 'साडेतेरा.' सातला ते गेल्यावर मी ब्रिस्बेनवाल्या काकांना धरून ठेवलं, लिंबाच्या जागी खडूची खूण केली होती, टेप लावला. साठ फूट आठ इंच. वकीलसाहेबांच्या हिशेबानं साडेतेरा आणे म्हणजे साठ फूट दहा इंच आणि वर थोडं. उभ्या उभ्या, साठ फुटांत दोन-अडीच इंचांचा फरक!

आणि मी तीन वर्षं समजत होतो की माझा हात सुधारतोय. 'सोळा आणे' म्हणजे शाबासकी नव्हती, सहासष्ट फूट होते. बायकोला सांगितलं तर ती अजून हसतेय.

उचापती
सहासष्ट फुटांची शाबासकी 😂

माहेरवाशीण
पण मग लपवायचं कशाला? मोजणी खात्यात होतो म्हणायला काय हरकत?

कायदेकानू
ताई, तुम्ही शहरात राहता. मोजणीवाल्याला निवृत्ती नसते. कळलं की झालं. ज्याच्या त्याच्या घरात बांधाचं भांडण आहे. भावानं बांध कोरला, शेजाऱ्यानं दगड हलवला, रस्ता नकाशात आहे आणि रानात नाही. लोक टिपण, फाळणी, गटाचा नकाशा, मोजणीचे सगळे कागद पिशवीत घालून दारात उभे राहतात. 'साहेब, नुसतं बघून सांगा.' ते बघून काहीतरी बोलतात आणि पुढच्या तारखेला समोरचा माणूस कोर्टात म्हणतो, अमक्या साहेबांनी तोंडी असं सांगितलंय. एका निवृत्त मोजणीदारांना मी ओळखतो, त्यांनी त्यापायी गाव सोडलं. आता रोव्हर नावाची यंत्रं आली, उपग्रहावरून माप निघतं, तरी लोकांना जुन्या माणसाचा शब्द हवा असतो.

हुरडा स्पेशल
गोळाफेकसाहेब, आज्ञा असेल तर एक विचारू? आमच्या वावराचा पूर्वेकडला बांध वीस वर्षांपासून कोर्टात आहे. रविवारी सकाळी सिडकोत आलो तर अण्णा नुसतं बघून

तेरणाकाठ
झालं. याच्यासाठीच ते 'इकडंच' म्हणतात.

हुरडा स्पेशल
नकाशा घडी घालून खिशात मावतो हो. कुणाला दिसणारसुद्धा नाही.

जालनेकर क्राइस्टचर्च
इकडं आमच्या क्लबात एक गृहस्थ आहेत, कर खात्यात होते. त्यांनाही कुणी काय करता विचारलं की ते 'बागकाम' म्हणतात.

माहेरवाशीण
गोळाफेक, मग तुम्ही त्यांना आता सांगणार का, की तुम्हाला कळलंय? मी असते तर सांगितलं असतं. कळूनही न कळल्यासारखं करणं मला जमत नाही.

तेरणाकाठ
मी असतो तर नसतं सांगितलं. आणि हा धागाही उडवला असता.

गोळाफेक
दोन दिवस याच विचारात होतो. नाव-गाव इथं टाकलेलं नाही, टाकायला माहीतही नव्हतं, त्यामुळे धागा ठेवतो.

आज असं झालं. लिंबू त्यांनी टाकलं. ते बोलायच्या आत मीच म्हणालो, 'पावणेतेरा का हो अण्णा?'

अण्णांनी दस्तीनं गोळा पुसायचा थांबवला. लिंबाकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाले, 'सव्वातेरा. तुमची नजर डागावर अडकली.' पाकाचा डाग! आणि पुढं खेळलेसुद्धा. मी त्यानंतरचे दोन्ही गोळे वर्तुळ उलटं धरून टाकले, इतका गोंधळलो होतो.

सात वाजले तरी गेले नाहीत. कट्ट्यावर बसले. मीही बसलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आपणहून म्हणाले, 'साखळी वापरून वापरून लांबते. कड्या झिजतात. रोज सकाळी तपासायची असते. न तपासता मोजलं तर माप कमी भरतं, आणि शेतकरी म्हणतो माझं रान कुणी खाल्लं.' मी विचारलं, तुम्ही तपासायचात? म्हणाले, 'रोज. रान कमी भरलं की माणूस भावाकडं बघतो हो, साखळीकडं कोण बघतंय.'

मग त्यांनी मला विचारलं, 'तुमचं कुठं शेत आहे का?'

मी म्हणालो नाही, वडिलांनीच विकलं होतं, माझं काहीच नाही.

'सासरकडं?'

तिकडंही नाही.

'भावकीत काही वाद?'

म्हटलं, अण्णा, माझ्या नावावर एक दोन खोल्यांचा फ्लॅट आणि स्कूटर आहे.

'मग हरकत नाही,' म्हणाले, आणि आडनाव सांगितलं. गाव सांगितलं. मुलाचा नंबर दिला, तो मी नीट नावानं सेव्ह केलाय. चार दिवस कुठं गेले होते तेही सांगितलं. ते इथं लिहीत नाही.

माहेरवाशीण
किती छान. डोळ्यांत पाणी आणि हसू दोन्ही.

कायदेकानू
सव्वातेरा म्हणाले ना? टेप लावला का?

गोळाफेक
नाही लावला.

हुरडा स्पेशल
गाव पैठणकडलं का गंगापूरकडलं, एवढंच सांगा. बाकी काही नको.

तेरणाकाठ
हुरडा, तुमची पाळी.